शून्य पूर्णांक शून्य कोटी

सारजाबाई दिघोरेंनी माझ्या टेबलावर आधी पिशवी ठेवली, पिशवीवर नोटीस ठेवली, आणि नोटिशीवर हात.

"कापगते मॅडम," त्या म्हणाल्या, "आता माझ्या तोंडाकडं पाहून म्हणा बरं, शून्य."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग नोटिशीकडे. चिचटोलीच्या महिला मच्छीमार संस्थेच्या त्या अध्यक्ष. बावीस ढीवर बायका, एक जुना मालगुजारी तलाव आणि त्याच्या काठची चार खड्डेवजा तळी, एवढा त्यांचा कारभार. मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी माशांची पिल्लं, आणायचे, तळ्यात वाढवायचे, बोटाएवढे झाले की बोटुकली म्हणून आजूबाजूच्या संस्थांना विकायचे. दर तिमाहीला सारजाबाई स्वतः अहवाल घेऊन यायच्या, माझ्यासमोर सही करायच्या आणि सही सुकेपर्यंत कागद हातातून सोडायच्या नाहीत. अशा बाईला आमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयानं लिहिलं होतं की आपल्या संस्थेचे मत्स्यबोटुकली उत्पादन ०.० कोटी असल्याने तलावाचा ठेका रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. सुनावणी दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांसमोर होती.

"आमच्या बायांनी चिखलात उभं राहून पाय सडवले," सारजाबाई म्हणाल्या. "माणसं हैदराबादले कामाले गेली, आमी तळं सांभाळलं. आता म्हणता शून्य. शून्याले एवढा चिखल लागते काय जी?"

मी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि कंप्युटरकडे वळले. आतून मात्र निश्चिंत होते. आकडे माझे होते, आणि माझे आकडे चुकत नसत. जिल्ह्यातल्या त्रेसष्ट संस्थांच्या कारभाऱ्यांना मी त्यांच्या अहवालावरून ओळखत असे. शेवटी नेहमी तीन शून्यं असली की माणूस अंदाजानं लिहितो, शेवटी नेहमी सात असला की माणूस हुशारीनं खोटं लिहितो, आणि दर तिमाहीत बरोब्बर दहा टक्के वाढ असली की संस्थेत नुकताच शिकलेला जावई आला आहे असं समजावं. सारजाबाईंच्या आकड्यात असलं काही कधी सापडलं नव्हतं.

तक्ता उघडला. चिचटोलीच्या ओळीत खरंच लिहिलं होतं, ०.०.

मग मी तो चौकोन नुसता निवडला. वरच्या पट्टीत, जिथे आतला खरा आकडा दिसतो तिथे, स्वच्छ उमटलं: ४८००००.

चार लाख ऐंशी हजार बोटुकली. मी पट्टीकडे पाहिलं, मग चौकोनाकडे, मग पुन्हा पट्टीकडे. चूक कोणाची हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

इथे थोडं मागं जायला हवं.

त्या साली आमच्या कार्यालयात नवे कंप्युटर आले होते आणि त्यांना लाख माहीत नव्हता. तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम द्यायचा एवढंच ते शिकून आले होते. सहा कोटी बारा लाख चाळीस हजार हा आकडा ते असा काही लिहीत की वाचणारा इंग्रजी शाळेतला असला तरी बोटं मोजू लागायचा. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी त्यांना लाख-कोटीचे स्वल्पविराम शिकवले. आधी तीन, मग दोन-दोन. पहिल्यांदा पडद्यावर ६,१२,४०,००० असं आपल्या घरच्यासारखं उमटलं तेव्हा मी बारापात्रे बाबूंना बोलावून दाखवलं. ते आमचे मुख्य लिपिक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "शिकला बुवा एकदाचा." त्यांच्याकडून एवढी स्तुती म्हणजे पेढेच.

पण आमच्या घाटोळे साहेबांना लाखात रस नव्हता. साहेब नागपूरहून बदलून आले होते आणि त्यांना आकडा कोटीत बोललेला आवडे. घराच्या कर्जाविषयीसुद्धा ते 'शून्य पूर्णांक एक कोटी' असं म्हणत, असं बारापात्रे बाबू सांगायचे. खरंखोटं बाबूंना ठाऊक. साहेबांनी फर्मावलं, सगळा तक्ता कोटीत, टिंबानंतर एकच आकडा, म्हणजे पडद्यावर मोकळंढाकळं दिसेल.

मी तेही केलं. आणि भागाकार न करता केलं, याचा मला फार अभिमान. आतला आकडा जसाच्या तसा ठेवायचा, दाखवताना त्याचे शेवटचे सहा अंक झाकायचे आणि उरलेल्यात एक टिंब बसवायचं. सहा कोटी बारा लाख चाळीस हजार आत, ६.१ बाहेर. झाकलेला भाग पाच लाख किंवा त्याहून जास्त असला तर बाहेरचा अंक एकानं वाढे. कमी असला तर तो मुकाट पडद्याआड जाई. रकाने लहान झाले, तक्ता एका पानात मावला, साहेब खूश. माझ्या ध्यानात एकच गोष्ट आली नव्हती: ज्या संस्थेचं सगळं उत्पादनच पाच लाखांच्या आत, ती संस्था अख्खी पडद्याआड जाणार होती.

बाकीचं काम आमच्या कार्यालयाच्या सवयीनं केलं. आमच्याकडे पडद्यावरचं कोणी खरं मानत नसे. तक्ता छापायचा, छापलेला कागद बारापात्रे बाबूंकडे जायचा, आणि बाबू त्या कागदावरून लाल पेननं खुणा करून पुढचं टंकलेखन करवून घ्यायचे. त्यांनी कागदावर ०.० च्या सतरा ओळी मोजल्या, सतरा नोटिशी केल्या, सतरा जावक क्रमांक टाकले. कोणी आत डोकावून पाहिलं नाही, कारण कागदाला आत नसतं.

त्या सतरांपैकी किती खरी शून्यं आहेत हे मी सारजाबाई समोर बसलेल्या असतानाच तपासलं. अकरा. उरलेल्या सहा ओळींत जिवंत मासे होते.

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना दार बंद करून बोलायची सवय होती. त्यांनी दार बंद केलं. म्हणाले, हा तक्ता आयुक्तालयात गेला आहे, तिथे कौतुक झालं आहे, आता तो चुकला म्हणायचं तर कोण चुकलं हेही म्हणावं लागेल. पुढच्या तिमाहीत हळूच दुरुस्त करू. ठेका एकदा गेला तरी पुढच्या वाटपात अर्ज करता येतोच की त्यांना.

"पुढचं वाटप पाच वर्षांनी आहे साहेब," मी म्हणाले.

"आणि तुमचा गोपनीय अहवाल मार्चमध्ये आहे," साहेब म्हणाले. अगदी काळजीनं म्हणाले. त्यातच सगळं आलं.

बाहेर बारापात्रे बाबूंनी मान हलवली. "बाई, जावक क्रमांक पडला की आकडा खरा. आता देव आला तरी त्याला आवक करावं लागेल."

मी टेबलाशी परत आले. सारजाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. उद्या सुनावणीला या एवढंच म्हणाले, आणि पिशवीत काय आहे ते विचारलं.

"साक्षीदार," त्या म्हणाल्या, आणि पिशवीची गाठ आणखी घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात मी कंप्युटरपाशी बसले आणि माझा मोकळाढाकळा तक्ता भिंतीवर पडला. जिल्हाधिकारी तरुण होते. चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचायचे, म्हणजे चष्मा नेमका कशाला होता ते कळत नव्हतं. घाटोळे साहेब उभे राहून एकेका संस्थेचं नाव घेत होते आणि जिल्हाधिकारी 'रद्द' म्हणत होते. ज्यांची नावं निघाली त्यांपैकी बरेच आलेच नव्हते. सात नावं झाली, आणि नशिबानं ती सातही खरी शून्यंच होती. आठवं चिचटोली.

"शून्य पूर्णांक शून्य कोटी," साहेबांनी वाचलं.

मागच्या बाकावरून सारजाबाई उठल्या, पण त्यांच्या आधी मी उठले. इतक्या वर्षांत अधिकाऱ्यांच्या बैठकीत मी विचारल्याशिवाय बोलले नव्हते. त्यामुळे माझाच आवाज मला कोणा दुसऱ्या बाईचा वाटला.

"सर, तो आकडा शून्य नाही. शून्य मी दाखवलंय."

मी तो चौकोन निवडला. भिंतीवर वरच्या पट्टीत ४८०००० उमटलं. काय झाकलं, कसं झाकलं आणि कोणी झाकलं ते मी चार वाक्यांत सांगितलं. त्यातलं 'कोणी' मी एकवचनी ठेवलं. साहेबांनी कोटी मागितले होते, पण झाकायची पद्धत माझी होती, आणि तिचा अभिमान मी महिनाभर मिरवला होता. जमा माझी तर खर्चही माझाच.

जिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. "मॅडम, तुम्ही म्हणता आत खरा आकडा आहे. पण आतला आकडा कोणीही, केव्हाही टाकू शकतो. आज सकाळीसुद्धा. हा तुम्ही आज टाकला नाही, हे मी कशावरून मानू?"

प्रश्न चोख होता. मी त्यांच्या जागी असते तर हाच विचारला असता. तिमाही अहवालाचा सही केलेला कागद कार्यालयातल्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली घाटोळे साहेबांच्या खिशात. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

सारजाबाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या लांब टेबलावर चिचोके ओतले. काळे, तांबूस, चकचकीत चिचोके फायलींच्या मधून घरंगळत गेले. दोन पाण्याच्या ग्लासाशी जाऊन थांबले.

"आमच्या गावात चिचांना तोटा नाही जी," त्या म्हणाल्या. "हजार बोटुकलीची एक पिशवी भरली, हवा भरून बांधली, गाडीत गेली, का मडक्यात एक चिचोका टाकायचा. वर्साचे आहेत. मोजा."

जिल्हाधिकाऱ्यांनी साहेबांना आणि बारापात्रे बाबूंना मोजायला सांगितलं. बाबू आयुष्यभर मोजत आलेले, त्यांनी वीस-वीसचे ढीग लावले. साहेबांनी दहा-दहाचे लावले आणि दोनदा चुकले. सभागृहात वीस-पंचवीस माणसं आणि चिचोक्यांचा टकटक आवाज. मी मात्र त्या ढिगांकडे बघून वेगळाच विचार करत होते. शेवटचे अंक झाकायची जी युक्ती मी महिनाभर मिरवली होती, ती या बाईच्या मडक्यात कधीपासून होती. एक चिचोका म्हणजे हजार. फरक एवढाच की तिच्या झाकण्यात एक मासा हरवत नव्हता.

"पाचशे चार," बारापात्रे बाबू म्हणाले.

साहेबांनी आपले ढीग पुन्हा जोडले. "पाचशे चार," तेही म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. "सर, कंप्युटरात चारशे ऐंशी, इथे पाचशे चार. चोवीस हजारांचा फरक. म्हणजे आकडा मुळातच जुळत नाही."

जिल्हाधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीतला आकडा पुन्हा वाचला. पहिल्यांदाच वाटलं की सारजाबाईंनीही इतरांसारखाच आकडा कुठेतरी वळवला असेल, आणि मी माझा मार्च महिना एका अंदाजावर लावून बसले.

"पांढरे कायले धरले जी?" सारजाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. काळ्या चिचोक्यांत इथे-तिथे पांढरे होते. भाजून साल काढलेले. मोजताना कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सारजाबाईंनी एकेक पांढरा वेचून डाव्या तळहातावर घेतला. मी मोजत होते. चोवीस झाले आणि त्या थांबल्या. टेबलावर उरले चारशे ऐंशी काळे.

"हे विसावरचे," त्या म्हणाल्या. "वीस पिशव्या इकल्या का एक वरून देतो. रस्त्यानं पोरं मरतात न जी. उन्हात गाडी थांबते, पाणी तापते. घेणाऱ्याचं काऊन नुकसान करायचं? माझी सासू देत होती, मी बी देतो. घरच्या मडक्यात हे धरतो, कारण तळ्यातून किती गेले ते आपल्याले माहीत पायजे. पण सरकारले सांगताना नाही सांगत."

"का नाही सांगत?" जिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं.

"दिलेलं कोणी सांगते काय?"

दोन वह्या ठेवणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. सरकारच्या वहीत फुगवून आणि घरच्या वहीत खरं, हा तर आमच्या खात्यातला नित्यक्रम. पण सरकारी वहीत स्वतःहून कमी लिहिणारी मी तेव्हा पाहिली ती पहिली, आणि निवृत्त होईपर्यंत दुसरी पाहिली नाही.

माझी बोटं तेवढ्यात आपसूक कामाला लागली होती. "सर, एक दाखवू?" म्हणून मी चिचटोलीच्या चौकोनात ५०४००० टाकलं. भिंतीवरचं ०.० गेलं आणि तिथे ०.१ आलं.

जिल्हाधिकाऱ्यांना समजायला क्षणभर लागला. घाटोळे साहेबांना त्यांच्याही आधी समजलं, कारण ते बसले.

"म्हणजे," जिल्हाधिकारी सावकाश म्हणाले, "यांनी फुकट दिलेल्या चोवीस पिशव्या अहवालात धरल्या असत्या, तर यांना नोटीस गेलीच नसती."

"हो सर."

"दिल्या त्या दिल्या, पण लिहिल्या नाहीत म्हणून शून्य."

सारजाबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि काय चाललं आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या. थट्टेचं हसू नव्हतं, राग तर नव्हताच. वजनात फसवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला बघून हसावं तसं.

जिल्हाधिकारी म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीपासून हेही लिहीत जा."

"नाही जी," त्या म्हणाल्या. "लिवलं तर मंग ते इकल्यावानी होते."

मी ५०४००० पुसलं आणि ४८०००० परत ठेवलं. पुन्हा ०.० आलं. मग कोणी सांगायची वाट न पाहता मी तो सगळा रकाना निवडला, साहेबांचं कोटीचं पांघरूण काढलं आणि माझे लाखाचे स्वल्पविराम परत दिले. आणि भिंतीवरचे सगळे आकडे नाहीसे झाले. रकानाभर वरपासून खालपर्यंत नुसत्या जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा.

सभागृहात चुळबूळ झाली. साहेबांनी 'बघा' अशा अर्थानं हात पसरले.

"हे काय कुंपण घातलं, मॅडम?" सारजाबाईंनी विचारलं.

"रकाना अरुंद आहे," मी म्हणाले. "आकडा मावत नाही आत. मावला नाही की हा असं करतो."

"मंग डबा मोठा करा न जी. आमचा आकडा कायले कापता?"

मी रकान्याच्या कडेवर दोनदा टिचकी दिली. रकाना रुंद झाला, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट संस्था एकदम भिंतीवर उभ्या राहिल्या. चिचटोली ४,८०,०००. तिच्या खाली आणखी एक गाव ३,१५,०००, मग दुसरं २,०७,५००, अशी सहा गावं शून्यातून वर आली. अकरा शून्यं शून्यच राहिली. तीही आता स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जिल्हाधिकारी कितीतरी वेळ ती भिंत वाचत राहिले, चष्मा डोळ्यांवर ठेवून. मग सहा नोटिशी मागं घ्यायला सांगितलं, आणि म्हणाले की यापुढे माझ्यासमोर कोणी कोटी आणायचा नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. साहेबांनी मला ज्ञापन दिलं. मार्चच्या गोपनीय अहवालात 'आकडेवारीच्या मांडणीत दक्षता आवश्यक' असं लिहिलं. ते चूक नव्हतं म्हणून मी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. बढती दोन वर्षं लांबली. ज्ञापनाची प्रत माझ्याकडे अजून आहे, जावक क्रमांकासह. लोक प्रमाणपत्रं लावतात, मी ते ज्ञापन कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, आणि नव्या मुलींना रकाना रुंद करायला शिकवताना आधी कपाट उघडून ते वाचायला लावायची.

पण त्या दिवशी, सभागृह रिकामं झाल्यावर, मी आणि सारजाबाई चिचोके पिशवीत भरत होतो. बारापात्रे बाबूंनी जाता जाता ग्लासाशी गेलेले दोन आणून टाकले आणि म्हणाले, "घ्या, आवक." मी भरता भरता मोजत होते, सवयच ती. शेवटचा टाकला आणि पिशवी बांधायला घेतली.

"सारजाबाई, पाचशे तीन झाले. एक कमी आहे."

"कमी नाही जी," त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातातून घेऊन गाठ मारली. "तुमच्या कंप्युटरपाशी पाहा."

बटणांच्या पाटीवर, अंकांच्या ओळीत, शून्याच्या बटणावर पांढरा चिचोका ठेवलेला होता.